‘डॉक्टर सांगतायत’ म्हणून डबा घ्यायचा? पूरक आहार सुचवणारा तज्ज्ञ की विक्रेता, कसं ओळखायचं?

नांदूरघाट (ता. केज) : समजा, ऊसतोडीचा हंगाम संपवून एक मावशी गावी परतली आहे. सहा महिने मोळ्या उचलून गुडघे आणि कंबर धरलीय. तेवढ्यात लांबच्या नात्यातला भाचा घरी येतो. गळ्यात टाय, हातात लॅपटॉप, सोबत ‘डॉक्टर साहेब’. मावशीच्या मुठीत एक धातूची कांडी दिली जाते. दोन मिनिटांत लॅपटॉपवर तीस-चाळीस पानांचा रिपोर्ट तयार. ‘मावशे, तुझ्या अंगात कॅल्शियमच राहिलं नाही बघ. हाडं पोकळ झाल्यात.’ उपाय म्हणजे चार डबे, किंमत साडेसहा हजार.

आता हिशोब बघा. जानेवारी २०२४ च्या करारानुसार ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. म्हणजे साडेसहा हजारांसाठी जवळपास १८ टन ऊस तोडावा लागतो. नवरा-बायकोची एक जोडी, ज्याला ‘कोयता’ म्हणतात, दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. चार डब्यांची किंमत म्हणजे दोघांचे मिळून नऊ दिवसांचे कष्ट.

प्रसंग काल्पनिक असला तरी पद्धत ओळखीची आहे. गावात शिबिराच्या रूपात, मोबाइलवर रीलच्या रूपात आणि व्हॉट्सअॅपवर ‘सर्वांना पाठवा’ म्हणत ती रोज समोर येते. डब्यात काय आहे, हे आपण नंतर बघतो. विश्वास आधी बसतो तो सांगणाऱ्या माणसावर. म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करायला हवी.

बीडमध्ये हा प्रश्न जास्त गंभीर का?

कारण इथे तज्ज्ञाच्या शब्दाची किंमत बायकांनी आधीच मोजली आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अनेकींनी सांगितलं, ‘डॉक्टर म्हणाले, म्हणून काढलं.’

कमी वयात गर्भाशयासोबत अंडाशयही काढलं, तर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. म्हणजे कंबरदुखी, गुडघेदुखी खरी असते आणि हाडांची काळजीही खरी असते. त्यामुळेच ‘हाडं पोकळ झालीत’ हे वाक्य इथे लगेच पटतं. दुखणं खरं आहे म्हणून त्यावर विकला जाणारा डबाही खरा ठरत नाही.

मुठीतली कांडी नेमकं काय मोजते?

‘क्वांटम अॅनालायझर’, ‘बॉडी स्कॅनर’ अशा नावांनी ही यंत्रं फिरवली जातात. रक्त घ्यावं लागत नाही, सुई टोचत नाही, म्हणून लोकांना बरं वाटतं. पण धातूची कांडी हातात धरून फार तर त्वचेचा विद्युतरोध मोजता येतो. हाताला घाम असेल तर तो बदलतो, मूठ घट्ट धरली तरी बदलतो. त्यावरून रक्तातलं कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व किंवा यकृताची स्थिती कळण्याची सोय नाही. मग तीस पानं येतात कुठून? यंत्र सुरू करण्याआधी नाव, वय, उंची, वजन भरून घेतलेलं असतं. ५० वर्षांच्या बाईला सांधेदुखी असेल, हे सांगायला यंत्र लागत नाही.

पडताळायची एक सोपी युक्ती आहे. त्याच माणसाची पाच मिनिटांनी पुन्हा तपासणी करायला सांगा, पण या वेळी वय आणि वजन वेगळं सांगा. खरी तपासणी असेल तर शरीरातलं कॅल्शियम पाच मिनिटांत बदलायला नको.

खरी तपासणी कशी होते, तेही लक्षात ठेवा. रक्तक्षय आहे का, हे हिमोग्लोबिनवरून कळतं. ‘ड’ आणि ‘बी-१२’ जीवनसत्त्वांसाठी रक्त द्यावं लागतं. हाडांची घनता ‘डेक्सा स्कॅन’वर मोजतात. रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच ठरावीक मर्यादेत राखतं, गरज पडली तर हाडांतून काढून घेतं. त्यामुळे फक्त रक्तातल्या कॅल्शियमवरून हाडांची अवस्था सांगता येत नाही. खऱ्या तपासणीलाही जिथे मर्यादा आहेत, तिथे कांडीचं काय घेऊन बसायचं?

नावापुढे ‘डॉ.’ आहे, म्हणजे झालं?

नाही. पहिला प्रश्न असा : कशाचे डॉक्टर? पीएचडी झालेली व्यक्तीही ‘डॉ.’ लावते आणि ती पीएचडी कोणत्याही विषयातली असू शकते. उपचार करणाऱ्या डॉक्टरला मात्र नोंदणी क्रमांक असतो. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. आयुर्वेद व युनानीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आणि होमिओपॅथीची त्यांच्या स्वतंत्र परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारणं हा उद्धटपणा नाही. खरा डॉक्टर तो प्रिस्क्रिप्शनवर स्वतःच छापतो.

‘वेलनेस कोच’, ‘हेल्थ कोच’, ‘लाइफस्टाइल एक्स्पर्ट’ या बिरुदांचं तसं नाही. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सनंतरही ती लावता येतात. आहारतज्ज्ञ म्हणवणाऱ्याला शिक्षण कुठलं, हे विचारा. आहारशास्त्राची पदवी आणि ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही पात्रता कमावायला अभ्यास आणि परीक्षा लागते.

पदवी खरी, नाव मोठं. तरीही चूक होऊ शकते?

होऊ शकते. याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे लायनस पॉलिंग. १९५४ मध्ये रसायनशास्त्राचं आणि १९६२ साठी शांततेचं, अशी दोन नोबेल पारितोषिकं त्यांना मिळाली. १९७० मध्ये त्यांनी सर्दीवर ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसांची शिफारस करणारं पुस्तक लिहिलं आणि पुढे कर्करोगावरही ते उपयोगी असल्याचं सांगितलं. मेयो क्लिनिकने कर्करोगाच्या रुग्णांवर केलेल्या चाचण्यांत (१९७९ आणि १९८५) फायदा दिसला नाही. सर्दीबाबतही नंतरच्या आढाव्यांत एवढंच दिसलं, की रोज गोळी घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते, पण सर्वसामान्य माणसाला ती होण्याचं टळत नाही. पॉलिंग खोटारडे नव्हते. पण रसायनशास्त्रातला त्यांचा अधिकार लोकांनी औषधोपचारातही मान्य करून टाकला.

उलट उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी सांख्यिकी विभागाचं काम पाहिलं. १९६० च्या दशकात ‘गरीब देशांत प्रथिनांचं संकट आलंय’ असा जगभर गाजावाजा होता आणि खास प्रथिनयुक्त खाद्यं बनवण्यावर भर होता. सुखात्म्यांनी आकडे मांडून दाखवलं, की भारतातल्या गरिबांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. धान्य-डाळीचा नेहमीचा आहार पुरेसा मिळाला, तर प्रथिनांची तूट बहुतांशी भरून निघते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांचंही निरीक्षण असंच होतं. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅकलारेन यांनी या सगळ्या प्रकाराला ‘प्रथिनांचा महाफज्जा’ अशा अर्थाचं नाव दिलं.

दोघांतला फरक पदव्यांचा नव्हता. एकाचा दावा तपासणीत टिकला नाही, दुसऱ्याचा आकडेवारीतूनच उभा राहिला होता.

शिफारस करणाऱ्याला पैसे कोण देतं?

हा दुसरा मोठा प्रश्न. २००८ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या देशातल्या सर्वात मोठ्या संघटनेने पेप्सिको कंपनीशी करार केला आणि ट्रॉपिकाना रस व क्वेकर ओट्स यांना संघटनेचं नाव मिळालं. यावरून वाद झाला. डॉक्टरांच्या आचारसंहितेत कोणत्याही मालाला अशी शिफारस देण्याला मनाई आहे. २०१० मध्ये भारतीय वैद्यकीय परिषदेने संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर कारवाई केली. म्हणजे हजारो डॉक्टरांची संघटना मागे उभी असली, तरी ‘यात पैसा आहे का’ हे विचारावंच लागतं.

गावपातळीवर हाच प्रश्न साखळी विक्रीत येतो. डबा विकला की भाच्याला कमिशन, त्याच्या वरच्याला कमिशन, त्याच्याही वरच्याला कमिशन. भाचा फसवायला आलेला नसतो. बहुतेक वेळा त्याने स्वतःच आधी पैसे घालून डबे उचललेले असतात आणि ‘मीटिंग’मध्ये ऐकलेलं तो मनापासून सांगत असतो. पण ज्याचा हप्ता आपल्या होकारावर अवलंबून आहे, त्याला आपल्या तब्येतीचा निवाडा करायला सांगू नये.

कायदा काय म्हणतो?

- थेट विक्री नियम, २०२१ : विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं आणि आधी परवानगी घेतल्याशिवाय त्याने घरी येऊ नये. पिरॅमिड योजना आणि पैसे फिरवण्याच्या योजनांना बंदी आहे.
- इन्फ्लुएन्सरसाठी : कंपनीकडून पैसे, भेट किंवा फुकट माल मिळाला असेल, तर ते स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. आरोग्याबद्दल बोलणाऱ्या डॉक्टर किंवा तज्ज्ञाने आपली पात्रता सांगितली पाहिजे, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं.
- दंड : दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. शिफारस करणाऱ्या व्यक्तीवर एक वर्ष आणि पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदी येऊ शकते.
- सर्वोच्च न्यायालय : पतंजलीच्या जाहिरातींवरील प्रकरणात ७ मे २०२४ रोजी न्यायालयाने म्हटलं, की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी त्यात झळकणारे सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सरही तितकेच जबाबदार आहेत.

‘संशोधनाने सिद्ध’ म्हणजे काय?

‘माझ्या काकूला फरक पडला’ हा अनुभव झाला, पुरावा नाही. हंगाम संपल्यावर दोन महिने आराम मिळाला तर कंबरदुखी तशीही कमी होते. त्याच काळात डबा सुरू असेल तर श्रेय डब्याला जातं. म्हणूनच खऱ्या अभ्यासात दोन गट करतात. एकाला गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी. कोणाला काय मिळालं, हे शेवटपर्यंत सांगत नाहीत.

अशा अभ्यासांनी कधी कधी धक्काही दिला आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरात असतं ते बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग टळेल, अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना’ या वाक्याला हे उत्तर आहे.

चांगला तज्ज्ञ कसा बोलतो, हे पुण्यात दिसतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि नंतर त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २००८ मध्ये त्यांनी मांडलं, की गरोदरपणात आईच्या रक्तात ‘बी-१२’ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला प्रतिरोध जास्त दिसतो. म्हणजे एका जीवनसत्त्वाचा विचार दुसऱ्याला सोडून करता येत नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतरचा दावा इतका मोजका असतो. याउलट, मधुमेह, सांधेदुखी, केसगळती आणि पचन, सगळ्यावर एकच डबा सांगणाऱ्याने काहीच मोजलेलं नसतं.

डब्यावर काय वाचायचं?

- १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक : तो उत्पादक किंवा विक्रेता नोंदणीकृत आहे एवढंच सांगतो. माल गुणकारी असल्याचा तो दाखला नाही.
- ‘औषधी वापरासाठी नाही’ : पूरक आहाराच्या डब्यावर ही सूचना छापावीच लागते. बहुतेकदा ती बारीक इंग्रजी अक्षरांत असते. विक्रेता डबा औषध म्हणून देत असेल, तर हीच ओळ त्याला वाचून दाखवायला सांगा.
- ‘डॉक्टरांनी शिफारस केलेले’ : खाद्यपदार्थाच्या लेबलवर असे शब्द छापायला मनाई आहे.
- रोग बरा करण्याचा दावा : मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा आजारांवर उपाय म्हणून जाहिरात करण्यावर १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे.

लेबलवर लिहिलेलं सगळं डब्यात असेलच असंही नाही. २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतीय बाजारातल्या ३६ प्रथिन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के नमुन्यांत प्रथिनांची माहिती चुकीची होती, तर काहींमध्ये बुरशीचं विष आणि कीटकनाशकांचे अंश सापडले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शिकेने स्नायूंसाठी प्रथिन पावडर टाळण्याचा सल्ला दिला.

मग विश्वास कोणावर ठेवायचा?

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचं उदाहरण घ्या. नावात ‘ओआरएस’ लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांविरुद्ध त्या आठ वर्षं लढल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरावीक प्रमाणात क्षार असतात. जुलाबाच्या बाळाला त्याऐवजी साखरेचं पेय पाजलं तर जुलाब वाढू शकतात. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ काढायला सांगितलं.

या बाईंकडे विकायला काही नव्हतं. त्या स्वतःच्या विषयाबद्दलच बोलत होत्या आणि पडताळता येईल असा आकडा देत होत्या. तज्ज्ञाची ओळख या तीन गोष्टींत आहे.

डबा घेण्याआधी हे सात प्रश्न विचारा

१. तुमचं शिक्षण नेमकं कोणत्या विषयातलं? नोंदणी क्रमांक काय?
२. हा डबा विकून तुम्हाला काय मिळतं?
३. कोणत्या रक्ततपासणीवरून कमतरता ठरवली?
४. मी आधीच घेत असलेल्या गोळ्यांसोबत हे चालेल का?
५. हे कोणी घेऊ नये?
६. किती दिवसांनी, काय मोजून फरक कळेल?
७. हेच पोषण जेवणातून किंवा सरकारी दवाखान्यातून मिळेल का?

चौथा आणि पाचवा प्रश्न सर्वात कामाचे. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला जादा प्रथिनं त्रासदायक ठरू शकतात. ‘ड’ जीवनसत्त्व गरजेपेक्षा फार झालं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. ‘हे सगळ्यांना चालतं’ असं उत्तर आलं, तर समोरचा तज्ज्ञ नाही, एवढं पक्कं समजा. आणि कोणी ‘आता शुगरची गोळी बंद करा’ म्हणालं, तर संवाद तिथेच थांबवा.

म्हणजे पूरक गोळ्या घ्यायच्याच नाहीत?

तसं नाही. गरोदरपणात लोह-फॉलिक अॅसिड आणि कॅल्शियम लागतंच. रक्तक्षयात लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. वनस्पतिजन्य अन्नात ‘बी-१२’ जवळपास नसतं, त्यामुळे माळकरी घरांत त्याची कमतरता होऊ शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ‘बी-१२’ कमी होऊ शकतं.

पण यातलं बरंच फुकट मिळतं. गरोदर मातांना ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी तसंच कॅल्शियम उपकेंद्रातून दिलं जातं. आशाताई आणि नर्स सिस्टर याची माहिती देतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जेवणात शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून जवळपास २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, तर शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तीळ, दूध, डाळ आणि अंडी आहेतच.

भाच्याला नाही कसं म्हणायचं?

खरी अडचण इथेच आहे. माहिती असूनही लोक डबा घेतात, कारण समोर नात्यातला माणूस बसलेला असतो. वाद घालायची गरज नाही. एवढंच म्हणा : ‘रिपोर्ट ठेवून जा बाबा. उपकेंद्रात दाखवते, रक्त तपासते, मग कळवते.’ खरी गरज असेल तर चार दिवसांनी ती पळून जात नाही. ‘ऑफर आजच्यापुरतीच’ असं उत्तर आलं, तर निर्णय आपोआप झाला.

डबा आधीच घेतला असेल तर पावती, डबा आणि मेसेज जपून ठेवा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अॅपवरही डब्याचे फोटो टाकून तक्रार करता येते.

आणि गोष्टीतल्या त्या मावशीसाठी पहिलं काम एकच : साडेसहा हजार पदराला बांधून ठेवायचे आणि सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायचा.